मशीन व्हिजन कॅमेऱ्याच्या लेन्सची जुळवणी: योग्य क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

तपासणी यंत्रावरचा कॅमेरा बसवला त्या दिवशी प्रतिमा उत्तम दिसते, मोजमापे बरोबर येतात आणि काही आठवड्यांनी तीच मोजमापे हळूहळू सरकू लागतात. अशा वेळी दोष बहुधा सॉफ्टवेअरला दिला जातो, प्रकाशयोजना बदलली जाते, थ्रेशोल्ड (दोष ठरवण्याच्या मर्यादा) पुन्हा ठरवले जातात. मूळ कारण मात्र अनेकदा लेन्सच्या जुळवणीत आणि त्यातही जुळवणीच्या क्रमात असते. आयरिस (प्रकाश आत येण्याचे लहानमोठे करता येणारे छिद्र) बंद ठेवून फोकस लावलेला असतो, कॅलिब्रेशन (पिक्सेल आणि मिलिमीटर यांचा मेळ घालणारी मोजणी) झाल्यावर पेच आवळलेले असतात किंवा झूम बदलल्यावर फोकस पुन्हा पाहिलेलाच नसतो.

ज्या लेन्सवर फोकस, आयरिस आणि काही वेळा झूम यांच्या फिरत्या रिंगा असतात, तिच्यातील प्रत्येक जुळवणी पुढच्या जुळवणीवर परिणाम करते. म्हणून खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत आणि मागच्या एखाद्या टप्प्यात काही बदलावे लागले, तर त्यानंतरचे सर्व टप्पे पुन्हा करावेत. हा नियम कंटाळवाणा वाटतो, पण त्याला पळवाट नाही.

## टप्पा १: लेन्स हातात घेण्यापूर्वीचे गणित

प्रथम चार गोष्टी लिहून काढाव्यात: पाहायच्या क्षेत्राची रुंदी, लेन्सच्या पुढच्या टोकापासून वस्तूपर्यंतचे कार्यअंतर, शोधायचा सर्वांत लहान दोष आणि वस्तूच्या उंचीत होणारा फरक. या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे. कॅमेऱ्याचा सेन्सर २४४८ × २०४८ पिक्सेलचा असून प्रत्येक पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा आहे. पाहायचे क्षेत्र २०० मिमी रुंद आणि वस्तू सुमारे ४०० मिमी अंतरावर आहे.

सेन्सरची रुंदी २४४८ × ३.४५ मायक्रॉन, म्हणजे सुमारे ८.४५ मिमी. नाभीय अंतराचा (फोकल लेंग्थचा) प्राथमिक अंदाज असा काढतात: सेन्सरची रुंदी गुणिले कार्यअंतर, भागिले क्षेत्राची रुंदी आणि सेन्सरची रुंदी यांची बेरीज. येथे ८.४५ × ४०० ला २०८.४५ ने भागल्यास सुमारे १६.२ मिमी येते, म्हणून १६ मिमीची लेन्स निवडावी आणि उरलेला किरकोळ फरक कॅमेरा थोडा वरखाली करून भरून काढावा. एका पिक्सेलच्या वाट्याला वस्तूवरचे २०० ÷ २४४८, म्हणजे सुमारे ०.०८२ मिमी येतात. शोधायचा दोष ०.३ मिमीचा असेल, तर तो साडेतीन पिक्सेलांहून किंचित अधिक जागा व्यापतो. दोषाला किमान तीन ते चार पिक्सेल मिळाले पाहिजेत, असे धरून चालल्यास हे उदाहरण जेमतेम बसते. दोष याहून लहान असेल, तर फोकस कितीही काळजीपूर्वक लावला तरी तो विश्वासार्हपणे सापडणार नाही आणि ही गोष्ट लेन्स बसवण्यापूर्वीच कळलेली बरी.

सेन्सरचा कर्ण येथे सुमारे ११ मिमी आहे. बाजारात या मापाला २/३ इंच म्हणतात, परंतु ते प्रत्यक्ष कर्णाचे माप नव्हे. लेन्स निवडताना तिचे प्रतिमावर्तुळ (लेन्स जेवढ्या भागात प्रतिमा पाडते ते वर्तुळ) सेन्सरच्या कर्णाएवढे किंवा त्याहून मोठे आहे ना, हे मिलिमीटरमध्येच पाहावे. लहान सेन्सरसाठीची लेन्स मोठ्या सेन्सरवर लावली, तर कोपरे काळवंडतात आणि तेथील तपशील पुसट होतात.

तपासणी: एका पिक्सेलला येणारे मिलिमीटर, वर्धन (सेन्सरची रुंदी भागिले क्षेत्राची रुंदी, येथे सुमारे ०.०४२) आणि वस्तूच्या उंचीतील फरक हे तीन आकडे कागदावर आहेत का? पुढे ते वारंवार लागतील.

## टप्पा २: जागा, लक्ष्यपट आणि कॅमेऱ्याच्या सेटिंग्ज

फोकस लावण्यासाठी खरी वस्तू क्वचितच उपयोगी पडते. बारीक काळ्या-पांढऱ्या रेषा किंवा ठिपके असलेला सपाट लक्ष्यपट घ्यावा आणि तो वस्तूच्या ज्या पृष्ठभागाची तपासणी करायची आहे, नेमक्या त्याच उंचीवर ठेवावा. साध्या कागदावर छापलेला पट दमटपणाने वाकतो, शिवाय छपाई करताना पानाच्या मापात बसवण्याचा पर्याय सुरू राहिला, तर त्याचे मापही बदलते. फोकससाठी तो एक वेळ चालेल, मोजमापासाठी नाही.

प्रकाश कामाच्या वेळी वापरायचा तोच असावा. वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश लेन्स थोड्या वेगळ्या अंतरावर एकवटते. खोलीतल्या पांढऱ्या दिव्याखाली लावलेला फोकस ८५० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशात सहज बिघडतो. वापरायचे फिल्टरही आताच बसवावेत. लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये काचेचा फिल्टर घातला, तर प्रतिमेचे प्रतल काचेच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांशाने मागे सरकते. १ मिमी काचेने हा फरक ०.३३ मिमी होतो आणि आखूड नाभीय अंतराच्या लेन्ससाठी तो फार मोठा आहे. लेन्सच्या पुढे लावलेल्या अरुंद पट्ट्याच्या फिल्टरचीही एक अडचण लक्षात ठेवावी: तिरप्या किरणांसाठी त्याचा पारगमन पट्टा लहान तरंगलांबीकडे सरकतो, त्यामुळे रुंद कोनाच्या लेन्सवर कोपरे अंधारतात आणि दोष विनाकारण लेन्सला दिला जातो.

कॅमेऱ्यातील स्वयंचलित एक्स्पोजर, स्वयंचलित गेन (सेन्सरचा संकेत वाढवण्याची सोय) आणि प्रतिमा ठळक करणारी शार्पनिंगची प्रक्रिया पूर्णपणे बंद करावी. शार्पनिंग सुरू असेल, तर अंधूक प्रतिमेच्या कडाही रेखीव भासतात. स्वयंचलित एक्स्पोजर सुरू असेल, तर रिंग फिरवताना प्रतिमेची उजळता आपोआप बदलते आणि फोकसचे आकडे एकमेकांशी तुलना करण्याजोगे राहत नाहीत. पडद्यावर प्रतिमा शंभर टक्के आकारात पाहावी, म्हणजे सेन्सरचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर दिसेल. खिडकीत मावावी म्हणून लहान केलेल्या प्रतिमेवर फोकस लावणे ही मला सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक आहे.

इशारा: कॅमेरा सुरू करताच फोकस लावू नये. कॅमेऱ्याचे शरीर कामाच्या तापमानाला येईपर्यंत, साधारण अर्धा ते एक तास, तो प्रतिमा घेत चालू राहू द्यावा.

## टप्पा ३: माउंट, स्पेसर आणि धूळ

माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणारा भाग. सी-माउंट आणि सीएस-माउंट यांचे आटे सारखेच असतात: व्यास १ इंच, दर इंचाला ३२ आटे. त्यामुळे चुकीची लेन्सही सहज बसते. फरक आहे तो माउंटच्या कडेपासून सेन्सरपर्यंतच्या अंतराचा. सी-माउंटमध्ये हे अंतर १७.५२६ मिमी आणि सीएस-माउंटमध्ये सुमारे १२.५ मिमी असते. सीएस कॅमेऱ्यावर सी लेन्स लावायची असेल, तर मध्ये ५ मिमीचा स्पेसर (अंतर राखणारी कडी) लागतो. उलट सी कॅमेऱ्यावर सीएस लेन्स लावली, तर ती सेन्सरपासून ५ मिमी जास्त दूर राहते आणि केवळ अगदी जवळच्या वस्तूच स्पष्ट दिसतात.

स्पेसरचा परिणाम किती मोठा असतो, याचा अंदाज गणिताने येतो. १६ मिमीच्या लेन्सचा फोकस अनंतावर ठेवून मागे केवळ १ मिमीची कडी घातली, तर स्पष्ट दिसण्याचे अंतर अनंतावरून सुमारे २७० मिमीपर्यंत खाली येते. म्हणून आधीच्या जोडणीतील एखादी पातळ कडी कॅमेऱ्यावर राहिलेली नाही ना, हे बसवण्यापूर्वी डोळ्यांनी पाहून खात्री करावी. फोकस रिंग एका टोकाला गेली तरी प्रतिमा स्पष्ट होत नसेल, तर जोर लावण्याऐवजी माउंट आणि स्पेसर तपासावेत.

लेन्स बसवताना कॅमेऱ्याचे तोंड खाली ठेवावे, म्हणजे धूळ सेन्सरवर पडणार नाही. आटे तिरके चढू नयेत म्हणून लेन्स आधी किंचित उलटी फिरवावी आणि आटे जुळल्याचे जाणवल्यावर सुलटी. ती हाताने पूर्ण बसेपर्यंतच आवळावी. पकडीचा उपयोग करू नये.

तपासणी: समोर एकसारखा पांढरा पृष्ठभाग ठेवून आयरिस एफ/११ किंवा एफ/१६ पर्यंत बंद करावी (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). सेन्सरजवळची धूळ आता काळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसेल. लेन्स थोडी फिरवल्यावर ठिपका तिच्याबरोबर फिरला, तर धूळ लेन्सवर आहे. जागीच राहिला, तर सेन्सरवर किंवा त्यापुढच्या काचेवर आहे. आधी हवेच्या फुग्याने धूळ उडवावी, मगच आवश्यक वाटल्यास लेन्सच्या कागदाने पुसावे. धूळ न उडवता पुसल्यास ओरखडे पडतात.

## टप्पा ४: कॅमेरा वस्तूच्या प्रतलाला समांतर करणे

हा टप्पा वगळून थेट फोकसकडे जाण्याचा मोह होतो. मग एक कडा स्पष्ट आणि समोरची कडा पुसट येते, त्यावर उपाय म्हणून आयरिस बंद केली जाते, प्रकाश कमी पडतो, गेन वाढवला जातो आणि प्रतिमेत गोंगाट (दाणेदारपणा) वाढतो. मुळात हवी असते ती कॅमेऱ्याची एक अंशाची दुरुस्ती.

आपल्या उदाहरणात कॅमेरा १ अंशाने कललेला असेल, तर २०० मिमी क्षेत्राच्या दोन कडांच्या अंतरात सुमारे ३.५ मिमीचा फरक पडतो. फोकसच्या दृष्टीने तो कदाचित खपून जाईल, परंतु ४०० मिमी अंतरावर ३.५ मिमी म्हणजे जवळजवळ ०.९ टक्के. तेवढ्याच फरकाने दोन कडांवरील मापे एकमेकांशी जुळणार नाहीत.

समांतरता तपासण्याची सोपी आणि विश्वासार्ह रीत आरशाची आहे. वस्तूच्या जागी एक सपाट आरसा ठेवावा आणि त्यात दिसणारे लेन्सचे स्वतःचे प्रतिबिंब पाहावे. ते आरशामागे तितक्याच अंतरावर असल्याने थोडे पुसट दिसेल, तरी त्याचा मध्य ओळखता येतो. तो प्रतिमेच्या मध्यावर येईपर्यंत कॅमेऱ्याचा कोन बदलावा. त्यानंतर ब्रॅकेटचे बोल्ट आवळून आरशात पुन्हा पाहावे, कारण बोल्ट आवळताना कोन बदलतो.

## टप्पा ५: आधी झूम, मग फोकस

लेन्सला झूम नसेल, तर हा टप्पा सोडून पुढे जावे. झूम असलेल्या लेन्समध्ये दोन प्रकार आहेत. खऱ्या झूम लेन्समध्ये नाभीय अंतर बदलले तरी फोकस बराचसा टिकून राहतो. व्हेरिफोकल लेन्समध्ये तो टिकत नाही. झूमची रिंग थोडी हलली तरी फोकस नव्याने लावावा लागतो. यंत्रावर बहुधा दुसराच प्रकार भेटतो, म्हणून सुरुवातीपासून तसेच समजून काम करावे.

झूमची रिंग फिरवून हवे तेवढे क्षेत्र प्रतिमेत आणावे, फोकस ढोबळमानाने लावावा आणि क्षेत्र पुन्हा मोजावे. फोकस बदलला की वर्धनही थोडे बदलते, त्यामुळे ही अदलाबदल दोन-तीनदा करावी लागते. क्षेत्र ठरले की झूमचा पेच याच टप्प्यात आवळावा. सर्व पेच शेवटी एकदम आवळायचे असतात, हा समज येथे लागू पडत नाही.

इशारा: क्षेत्र कडेला काटेकोर ठेवू नये. पुढे पेच आवळताना प्रतिमा काही पिक्सेल सरकू शकते आणि वस्तूही दर वेळी नेमकी त्याच जागी येत नाही. दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा असावी.

## टप्पा ६: आयरिस पूर्ण उघडून फोकस

फोकस लावताना आयरिस पूर्ण उघडी का ठेवायची, हे क्षेत्रखोलीच्या गणितातून स्पष्ट होते. क्षेत्रखोली म्हणजे ज्या उंचीच्या पट्ट्यात प्रतिमा पुरेशी स्पष्ट राहते तो पट्टा. पुसटपणा एका पिक्सेलहून अधिक होऊ द्यायचा नाही, असे धरले तर आपल्या उदाहरणात एफ/४ ला ती सुमारे १६ मिमी, एफ/८ ला सुमारे ३२ मिमी आणि एफ/२ ला फक्त ८ मिमी येते. एफ/८ वर रिंग बऱ्याच मोठ्या पट्ट्यात कोठेही असली, तरी प्रतिमा सारखीच स्पष्ट दिसते. आपण मध्यावर आहोत की काठावर, हे कळतच नाही. काठावर असलेला फोकस तापमान थोडे बदलताच किंवा वस्तू थोडी उंच येताच पट्ट्याबाहेर जातो. आठवड्यांनी उद्भवणाऱ्या तक्रारींचे हे एक मोठे कारण आहे.

आयरिस उघडल्यावर प्रतिमा भगभगीत पांढरी होईल. त्यासाठी आयरिस बंद न करता एक्स्पोजरचा वेळ कमी करावा. लक्ष्यपटाचा पांढरा भाग कमाल मूल्याच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास असावा.

नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. बहुतेक व्हिजन सॉफ्टवेअरमध्ये फोकसचा आकडा दाखवण्याची सोय असते. नसेल, तर प्रतिमेच्या मध्यभागातील लाप्लासियनचे विचरण (बारीक तपशील किती ठळक आहेत याचे माप) किंवा कडांच्या ग्रेडियंटची बेरीज काढणारा छोटा प्रोग्राम पुरतो. या आकड्याची निरपेक्ष किंमत महत्त्वाची नाही, ती लक्ष्यपटावर आणि प्रकाशावर अवलंबून असते. पाहायचे एवढेच, की रिंग फिरवताना तो कोठे शिखर गाठतो.

शिखराजवळ आकडा फारच हळू बदलतो, म्हणून शिखर थेट शोधण्याऐवजी त्याच्या दोन बाजू शोधाव्यात. रिंग एका दिशेने सावकाश फिरवून शिखर ओलांडावे आणि आकडा शिखराच्या, समजा, ऐंशी टक्क्यांवर आला की रिंगेवर बारीक खूण करावी. मग दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच घसरणीपाशी खूण करावी. योग्य जागा या दोन खुणांच्या मध्यावर असते. शेवटी त्या जागी येताना नेहमी एकाच दिशेने यावे. आट्यांमधील ढिलाईमुळे उलट दिशेने आल्यास रिंगेवरची खूण तीच असूनही आतली काच वेगळ्या जागी थांबते.

वस्तूची उंची बदलती असेल, तर लक्ष्यपट सर्वांत खालच्या किंवा वरच्या पातळीवर न ठेवता मधल्या उंचीवर ठेवावा. पट्टा खरोखर हव्या त्या उंचीभोवती पडला आहे का, हे पाहण्यासाठी एक मोजपट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवून तिच्यावरच्या रेषा कोठून कोठपर्यंत स्पष्ट दिसतात ते पाहावे. याहून स्वस्त आणि याहून बोलकी तपासणी मला माहीत नाही.

तपासणी: फोकसचा आकडा मध्यभागाबरोबर चारही कोपऱ्यांत वेगवेगळा काढावा. चारही कोपरे मध्याहून थोडे कमी, पण आपापसांत जवळपास सारखे असतील, तर तो लेन्सचा स्वभाव आहे. एकच बाजू कमी असेल, तर टप्पा ४ कडे परत जावे.

## टप्पा ७: आयरिस कामाच्या स्थितीत आणणे

आयरिस बंद करत नेल्यास क्षेत्रखोली वाढते, पण त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली विवर्तनाची, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याची. हिरव्या प्रकाशात, म्हणजे ५५० नॅनोमीटरला, एका बिंदूच्या प्रतिमेचा विवर्तनामुळे होणारा व्यास एफ/४ वर सुमारे ५.४ मायक्रॉन, एफ/८ वर सुमारे १०.७ मायक्रॉन आणि एफ/१६ वर २१ मायक्रॉनच्या पुढे जातो. पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा असताना एफ/८ वर हा ठिपका तीन पिक्सेल पसरतो. त्यामुळे अशा बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर एफ/४ ते एफ/५.६ हा पट्टा मी पसंत करतो आणि एफ/८ च्या पुढे सबळ कारणाशिवाय जाऊ नये, असे माझे मत आहे.

दुसरी किंमत प्रकाशाची. एफ/४ वरून एफ/८ वर गेल्यास प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो. वस्तू सेकंदाला ५०० मिमी वेगाने सरकत असेल, तर ८० मायक्रोसेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये ती ०.०४ मिमी, म्हणजे अर्धा पिक्सेल सरकते. प्रकाशाची तूट भरून काढण्यासाठी एक्स्पोजर चौपट करून ३२० मायक्रोसेकंद केला, तर हाच सरकाव दोन पिक्सेल होतो. क्षेत्रखोलीत जे मिळवले ते गतीच्या पुसटपणात गमावले जाते, म्हणून आधी प्रकाश वाढवण्याचा विचार करावा आणि शक्य असल्यास क्षणभर उजळणारा झोताचा दिवा कॅमेऱ्याच्या ट्रिगरला (प्रतिमा घेण्याच्या इशाऱ्याला) जोडावा.

एक्स्पोजर आणि गेन आता कामासाठी निश्चित करावेत आणि स्थिर ठेवावेत. त्यानंतर याच आयरिसवर फोकसचा आकडा एकदा पुन्हा पाहावा. काही लेन्समध्ये आयरिस बंद केल्यावर उत्तम फोकसची जागा किंचित सरकते. असा सरकाव दिसला, तर रिंगेची अगदी बारीक दुरुस्ती येथे मान्य आहे, परंतु ती लहानच असावी. मोठी दुरुस्ती लागत असेल, तर टप्पा ६ मध्ये काही चुकले आहे.

## टप्पा ८: पेच आवळणे

यासाठी प्रतिमा सुरू ठेवूनच काम करावे. लक्ष्यपटावरचा एखादा ठळक कोपरा निवडून त्याचे पिक्सेल निर्देशांक आणि फोकसचा आकडा लिहून ठेवावा. रिंगेला एकच पेच असेल, तर तो आतल्या नळीला एका बाजूने ढकलतो आणि प्रतिमा सरकते. तीन पेच असतील, तर एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जाऊ नये. तिन्ही आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. दर फेरीनंतर निर्देशांक आणि आकडा पाहावा. प्रतिमा सरकणे चालेल, कारण कॅलिब्रेशन अजून व्हायचे आहे; फोकसचा आकडा घसरणे मात्र चालणार नाही.

इशारा: पेच पक्के राहावेत म्हणून लेन्सजवळ झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद वापरू नये. त्याची वाफ काचेवर पांढरट थर बसवते. कंपने तीव्र असतील, तर आतील काचा पक्क्या केलेली, औद्योगिक वापरासाठीची लेन्स घेणे हाच योग्य उपाय आहे.

आवळून झाल्यावर यंत्र काही वेळ पूर्ण वेगाने चालवावे आणि तोच कोपरा पुन्हा पाहावा. निर्देशांक बदलले असतील, तर पेच, माउंट आणि ब्रॅकेट या क्रमाने ढिलाई शोधावी. केबलचा ताण हेही नेहमीचे कारण असते. जड केबल कॅमेऱ्याला लोंबकळत न ठेवता ब्रॅकेटला बांधावी.

## टप्पा ९: कॅलिब्रेशन, सर्वांत शेवटी

कॅलिब्रेशन म्हणजे लेन्सच्या आत्ताच्या स्थितीची मोजणी. त्यानंतर आयरिस, फोकस, झूम, फिल्टर किंवा कोणताही पेच यांपैकी काहीही हलले, तर ती मोजणी दुसऱ्याच लेन्सची ठरते.

काचेवर किंवा ताठ, सपाट पत्र्यावर छापलेला बुद्धिबळपट वा ठिपक्यांचा पट घ्यावा. लेन्समधील विकृती काढण्यासाठी पंधरा ते वीस प्रतिमा घ्याव्यात. त्यात पट क्षेत्राच्या चारही कोपऱ्यांपर्यंत पोहोचलेला आणि काहींत वेगवेगळ्या दिशांनी कललेला असावा. सर्व प्रतिमा मध्यभागीच घेतल्या, तर त्रुटीचा आकडा लहान येतो आणि कोपऱ्यांतली मापे तरीही चुकतात. मिलिमीटरमधील प्रमाण ठरवण्याची प्रतिमा मात्र मोजायच्या प्रतलावरच घ्यावी. पटाचा छापलेला पृष्ठभाग वस्तूच्या मोजायच्या पृष्ठभागाहून ७ मिमी खाली राहिला, तर ४०० मिमी अंतरावर सुमारे १.७५ टक्क्यांची चूक कायमची शिरते. टेलिसेंट्रिक लेन्सला (जिच्यात अंतर बदलले तरी वस्तूचा आकार तोच दिसतो) हा दोष जवळजवळ लागत नाही. सामान्य लेन्सला नक्की लागतो.

तपासणी: कॅलिब्रेशनमध्ये न वापरलेली, माप ठाऊक असलेली एखादी वस्तू मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत ठेवून मोजावी. सॉफ्टवेअरने दाखवलेल्या त्रुटीपेक्षा या पाच मापांवर अधिक विश्वास ठेवावा.

## टप्पा १०: मोटरच्या आणि लिक्विड लेन्ससाठी वेगळी काळजी

वस्तूंची उंची वारंवार बदलत असेल, तर फोकस आज्ञेने बदलणारी लेन्स वापरतात. मोटरच्या लेन्समध्ये ढिलाईचा प्रश्न उरतोच, म्हणून प्रत्येक जागेवर एकाच दिशेने येण्याचा नियम प्रोग्राममध्ये घालावा: हवी ती जागा मागे टाकून थोडे पुढे जायचे आणि ठरलेल्या दिशेने परत यायचे. वीज गेल्यानंतर मूळ स्थान पुन्हा शोधण्याची क्रिया वगळू नये.

लिक्विड लेन्समध्ये काच सरकत नाही, वक्रता बदलते. गरज किती आहे हे डायऑप्टरमध्ये (१ भागिले मीटरमधील अंतर) मोजावे. मूळ लेन्स अनंतावर लावून तिच्या पुढे लिक्विड लेन्स बसवली असेल, तर ४०० मिमी अंतरासाठी २.५ आणि २५० मिमी अंतरासाठी ४ डायऑप्टर लागतात, म्हणजे दोन्हींच्या मधला पल्ला १.५ डायऑप्टरचा. निवडलेल्या लेन्सचा पल्ला याहून मोठा असावा, कारण तापमानानुसार तो सरकतो. लवचीक पडद्याच्या लेन्समध्ये विद्युतप्रवाहामुळे ती स्वतःही तापते. म्हणून तापमान भरपाई सुरू ठेवावी आणि गरम झाल्यावरच आज्ञा आणि फोकस यांचा तक्ता तयार करावा. अशी मोठ्या तोंडाची लेन्स आडवी धरल्यास द्रव खाली ओढला जाऊन प्रतिमेत तिरपी विकृती येऊ शकते, तेव्हा ती ज्या स्थितीत बसणार आहे त्याच स्थितीत तपासावी.

आज्ञा दिल्यावर लगेच प्रतिमा घेऊ नये. पृष्ठभाग स्थिरावण्यास किती मिलिसेकंद लागतात, हे लागोपाठ प्रतिमा घेऊन आणि फोकसचा आकडा पाहून स्वतः मोजावे आणि ट्रिगरला तेवढा विलंब द्यावा. आणि फोकस बदलला की वर्धनही बदलते, म्हणून वापरात येणाऱ्या प्रत्येक फोकस स्थितीसाठी स्वतंत्र कॅलिब्रेशन साठवावे. एका स्थितीचे प्रमाण दुसरीला लावणे ही या लेन्सबाबतची सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

## टप्पा ११: नोंद आणि पुढची देखरेख

लेन्सचा आणि कॅमेऱ्याचा अनुक्रमांक, स्पेसरची जाडी, फिल्टर, आयरिसचा आकडा, एक्स्पोजर, गेन, कार्यअंतर, फोकसचा आकडा आणि त्या वेळचे तापमान यांची नोंद करावी. रिंगांच्या सांध्यांवर रंगाची बारीक रेष ओढावी, म्हणजे कोणी रिंग हलवली तर ती लगेच दिसेल. लक्ष्यपटाची एक प्रतिमा मूळ स्वरूपात, दाबून लहान न करता साठवावी.

तापमानाचा परिणाम केवळ लेन्सवर होत नाही. ४०० मिमी लांबीचा ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट २० अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे ०.१८ मिमी वाढतो आणि त्यामुळे आपल्या २०० मिमीच्या क्षेत्रात मापाचा फरक जवळजवळ एक पिक्सेल होतो. म्हणून ठराविक काळाने तोच लक्ष्यपट त्याच जागी ठेवून प्रतिमा घ्यावी आणि साठवलेल्या प्रतिमेशी तुलना करावी. फोकसचा आकडा तोच असून निर्देशांक सरकले असतील, तर कॅमेरा किंवा ब्रॅकेट हलला आहे. निर्देशांक तेच असून आकडा घसरला असेल, तर आधी काच स्वच्छ करावी आणि दिवा मंदावला आहे का ते पाहावे. दोन्ही बदलले असतील, तर पेच ढिले झाले आहेत असे समजून टप्पा ६ पासून पुन्हा सुरुवात करावी आणि व्हेरिफोकल लेन्स असल्यास टप्पा ५ पासून.

लेन्स बदलून त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची दुसरी लेन्स लावली, तरी जुने कॅलिब्रेशन वापरू नये. एकाच मॉडेलच्या दोन लेन्सचे प्रत्यक्ष नाभीय अंतर आणि विकृती तंतोतंत सारखी नसतात.